नावेवरचा हात

मशीन एका जागी थांबवायचं नाही. पॉलिशच्या कामातला हा पहिला नियम, आणि तो मला माझ्या दिरानं सांगितला. मशीनच्या तोंडावर चढवलेली लोकरीची टोपी गरगर फिरत लाकडावर टेकली की हात चालता ठेवायचा, परातीत भाकरी थापताना ठेवतो तसा. थांबलात की तिथलं लाकूड तापतं, वार्निश मऊ पडतं आणि वरचा थर टोपीबरोबर निघून येतो. एवढं साधं आहे. पुढे जे झालं ते हा नियम आम्ही मोडला म्हणून झालं. आणि नकळत नव्हे हो, रोज संध्याकाळी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोडला.

परवा दिराची नातसून मला तिच्या गाडीतून चिंचवडला नेत होती. सिग्नलपाशी एका दुकानात एक माणूस कुणाच्या तरी मोटारीवर तसलंच मशीन फिरवत होता. हल्लीची मशिनं हलकी असतात, एका हातात मावतात. आवाज मात्र तोच, भुंग्यासारखा, कानापेक्षा दातांना जास्त कळणारा. माझा उजवा हात आपोआप मांडीवर उपडा पडला, बोटं फाकून. नातसून म्हणाली, "आजी, काय होतंय?" म्हटलं, "काही नाही गं बाई, तू पुढे बघ." सिग्नलवर बसून सांगण्यासारखी ती गोष्ट नाही. म्हणून इथे लिहिते.

मी पुण्यातल्या पेठेत वाढलेली, चार बुकं शिकलेली. लग्न होऊन पवनेच्या काठी आले तेव्हा सगळे मला 'पुण्याची' म्हणूनच हाक मारायचे, आणि त्यात कौतुक कमी, टोमणा जास्त असायचा. सासर नदीच्या पल्याड, कासारवाडीच्या समोर. अल्याड हमरस्ता, रेल्वेचे रूळ, वर्कशॉपं. उन्हाळ्यात दगडांवरून पाय टाकत नदी ओलांडता यायची, पण पावसाळ्यात नावेशिवाय दुसरा मार्ग नव्हता. ती नाव आमच्या घरची. सासऱ्यांनी चालवली, त्यांच्यामागे माझ्या नवऱ्यानं.

जुनी नाव कुजली तेव्हा त्यानं देहूरोडला लष्कराच्या डिस्पोजलातून एक नाव आणली. लढाईनंतर उरलेलं काय काय विकायला निघायचं तिथे. तंबू, बूट, बादल्या, दोरखंड. मग एखादी नाव का निघू नये! प्लायवूडची होती, चपट्या बुडाची. बैलगाडीवर उपडी घालून आणली तेव्हा पारावरचे म्हातारे हसून लोळले. एक म्हणाला, "आरं, लष्कराची परात आली बघा!" माझा नवरा त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसला. त्याला राग म्हणून यायचाच नाही. सगळा राग देवानं मला दिला होता.

खंडेनवमीला कुणी नांगर पुजायचं, कुणी कोयता. आमच्या घरी नाव पुजायची, आणि नव्या नावेची रीत वेगळी होती. जवसाच्या तेलात गेरू कालवून नावाड्यानं त्यात तळहात बुडवायचा आणि नावेच्या तोंडाशी, उघड्या लाकडावर ठसा उमटवायचा. गेरू मी कालवला. वाटी मीच धरली होती. त्यानं उजवा हात टेकवला, दाबून धरला, अलगद उचलला. त्या हाताची करंगळी अर्धीच होती, लहानपणी दोरात सापडून तुटलेली. ठशातही ती अर्धीच उमटली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुजा बी लाव की शेजारी."

मी हसत हात पुढे केला. तेवढ्यात सासू कडाडली, "बायांचा हात नावंला लावत न्हाईत! बुडवायची हाय का?"

सासूला आम्ही आत्या म्हणायचो. आत्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. मी वाटी खाली ठेवली आणि आत गेले. असा संताप झाला होता की त्या दिवशीच्या आमटीत तिखट जरा जास्तच पडलं. नवऱ्यानं डोळे पुसत पुसत ती खाल्ली आणि वर मागून घेतली.

ठशावर वार्निश चढलं. वार्निशावर लष्करी हिरवा रंग बसला, कारण नावेबरोबर त्याचाही डबा मिळाला होता. हात रंगाखाली गेला आणि आम्ही तो विसरून गेलो.

त्या नावेनं काही पावसाळे छान काढले. मग एका श्रावणात सकाळी सकाळी कुणीतरी ओरडत आलं की पाणी चढलंय, नावेचा दोर तुटायला आलाय. तो न्याहारीला बसला होता. "आलोच," म्हणाला, आणि ताटावरून उठला. अर्धी भाकरी तशीच राहिली.

नाव खाली दापोडीच्या अंगाला बाभळीत अडकलेली सापडली. तो सापडला नाही. संगमापर्यंत शोधलं, त्याच्याही खाली शोधलं, पाणी उतरल्यावर दोन्ही काठ पायी तुडवले. चप्पल नाही, टोपी नाही, काही म्हणजे काही नाही. ज्या नावेसाठी तो गेला ती नाव मात्र गावच्या माणसांनी खांद्यावर घालून घरी आणली, आणि ती अंगणात माझ्यासमोर पडून राहिली. मी रोज म्हणायचे, फोडा आणि चुलीत घाला ती. कुणी ऐकलं नाही.

सापडत नाही त्या माणसाचं दहन कसं करायचं याची रीत असते. पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. भाऊकीतली मोठी माणसं तसं सांगायला आली तेव्हा आत्या दारात आडवी झाली. "माज्या जित्या पोराला जाळताय व्हय? सापडला न्हाई म्हंजी मेला न्हाई." आली तशी ती माणसं परत गेली.

तेव्हापासून मी अधांतरी. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, पण हळदीकुंकवाचं बोलावणं कुणाकडून येत नव्हतं. विधवा म्हणावं तर आत्या अंगावर येई. रडायचीसुद्धा चोरी. चुलीपुढे डोळे पुसताना दिसले तर खेकसायची, "रडू नगंस. वाटंत आसंल त्यो, त्येच्या पायात घुटमळतंय तुजं रडं." मी धुराचं निमित्त करायचे. मी अशी बाई, ताट आपटून भांडणारी, आणि मला स्वतःच्या नवऱ्यासाठी रडता येत नव्हतं.

दीर कासारवाडीच्या एका मोटार वर्कशॉपात पॉलिशचं काम करायचा. थंडी संपत आली तेव्हा तो म्हणाला की पुढच्या पावसात नाव त्यालाच चालवावी लागणार, तर ती नीट करून घेऊ. बाभळीच्या काट्यांनी तिचं अंग ओरबाडलेलं होतं, हिरवा रंग पोपडे धरून उडत होता. गावात वीज नव्हती, वर्कशॉपात होती. त्यानं नाव गाडीवर घालून तिकडे नेली आणि मागच्या अंगणात, पत्र्याखाली, जुन्या टायरांवर उपडी ठेवली. मला बरं वाटलं. निदान डोळ्यांसमोरून गेली.

पण सुटका कुठली! सकाळी दिराची भाकरी घेऊन मलाच तिकडे जावं लागे. त्याच सुमारास वर्कशॉपच्या मालकानं डिस्पोजलातून पॉलिशची दोन मशिनं आणवली होती, पारखून एक ठेवायचं आणि दुसरं परत करायचं. एक अमेरिकन, चकचकीत, आरशासारखं. त्याला आपली वीज सोसत नव्हती, मधे वीज उतरवणारा एक लोखंडी खोका जोडावा लागे. दुसरं विलायती, काळं, भोपळ्याएवढं, उचलताना कंबर धरेल असं. मालकाचा जीव चकचकीतवर. दिरानं दोन्ही मशिनं एका जुन्या मडगार्डवर लावून बघितली. अमेरिकन मशिनानं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच रंग खाऊन खालचा पत्रा उघडा केला. काळं आपलं सावकाश, डुलत डुलत फिरलं आणि मागे चकाकी सोडून गेलं.

"मालक, हेच ठेवा," दीर म्हणाला. "त्ये दुसरं लई घाई करतंय. आन् ह्ये जड हाय त्येच बरं हाय, आपण दाबाया लागत न्हाई, आपल्या वजनानं बसतंय."

मालक कुरकुरला, पण काळंच ठेवलं. पहिल्या दिवशी दिरानं मेण लावलेली टोपी हवेत धरूनच बटण दाबलं आणि सगळं मेण मालकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर. मी पदर तोंडात कोंबून हसले. श्रावणानंतरचं माझं ते पहिलं हसू. दीर माझ्याकडे बघून म्हणाला, "हसा वैनी, हसा." 

तेव्हा तो शिकला आणि मीही शिकले. टोपी आधी लाकडावर टेकवायची, मग बटण. वायर खांद्यावरून पाठीमागे टाकायची, म्हणजे ती टोपीत गुंतत नाही. मेण पातळ लावायचं, वाळून धुरकट झालं की दुसऱ्या कोऱ्या टोपीनं पुसून काढायचं. मेण लावलेल्या बुडाला शेवाळ धरत नाही, गाळ चिकटत नाही, नाव पाण्यात हलकी चालते. मेण तयार करायचं काम त्यानं माझ्यावर टाकलं. मधाच्या पोळ्याचं मेण गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचं, चुलीपासून लांब अंगणात न्यायचं आणि तिथे त्यात टर्पेंटाइन घालून घोटायचं. मला ते आवडायला लागलं. त्या घरात माझ्या हाताला न रडण्याशिवाय दुसरं काही काम मिळालं होतं.

मेणाच्या आधी जुना रंग काढायचा होता. दिरानं तो खरवडला, काचकागदानं घासला, आणि राहिलेल्या हिरव्या पापुद्र्यावर घासायची पेस्ट लावून मशीन धरलं. मी डबा ठेवून निघाले होते. मशीन एकदम बंद झालं. वळून बघितलं तर दीर मागे सरून उभा होता.

"वैनी," तो म्हणाला, "जरा हिकडं या."

नावेच्या तोंडाशी हिरव्यातून तांबडं डोकावत होतं. आधी बोटांची टोकं. त्यानं मशीन बाजूला ठेवलं आणि फडक्यानं हळूहळू बाकीचा हिरवा काढला. तळहात आला. अंगठा आला. करंगळी आली, अर्धी.

खरं सांगते, मला तो वरून काढलेला ठसा वाटलाच नाही. नाव उपडी होती. मला वाटलं, तिच्याखाली अंधारात कुणी बसलंय आणि आतून तळहात टेकवून धरलाय, वर काढा म्हणून. मी खाली वाकून बघितलं. टायर, पालापाचोळा, एक मांजर. तरी मी बोटानं लाकडावर टकटक केलं.  दीरही बहुधा तेच करणार होता.

आत्याला सांगू नका म्हटलं होतं मी. पण त्याच्या पोटात राहीना, त्यानं घरी पाय ठेवताच सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या माझ्याबरोबर नदी उतरून आली. दिरानं तिच्यासाठी त्या जागी मेण लावून, कोऱ्या टोपीनं, ठसा चांगला उठून दिसेल असा केला होता. आमच्यासमोर शेवटचा हात फिरवून त्यानं मशीन बंद केलं. आत्या पुढे गेली. ज्या नावेला बायकांचा हात चालत नव्हता त्या नावेवर तिनं आपला सुरकुतलेला तळहात ठेवला, बोटावर बोट, करंगळीचं टोक मोकळं.

आणि ती ओरडली, "ऊन हाय! आरं, हात ऊन हाय त्येचा!"

दिरानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. नुकतंच मशीन फिरलं होतं, लाकूड कोमट झालं होतं, एवढंच. दोघांनाही माहीत होतं. दोघांपैकी एकाचीही जीभ रेटली नाही. आत्या हात तसाच ठेवून उभी राहिली, लाकूड निवेपर्यंत. मग म्हणाली, "जिता हाय माजा ल्योक. म्या सांगत हुते." परत येताना ती दगडांवरून तरण्या बाईसारखी चालली.

झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती परत आली. हात ठेवला, गार लागला. दिराला म्हणाली, "तुजं त्ये फिरीव की जरा." त्यानं फिरवलं. ऊन लागायला मशीन चालतं ठेवून भागत नव्हतं, तिथेच धरून ठेवावं लागत होतं. त्यानं धरून ठेवलं. मग रोजचंच झालं ते. नावेचं बाकीचं अंग पुरं झालं, मेणाचे थर बसले, बघाल तर तोंड दिसावं असं बूड चमकायला लागलं, आणि आत्या रोज दिवे लागायच्या आत येऊन उभी. वर्कशॉपातली माणसं आपापलं काम थांबवायची. ते मशीन घुमायला लागलं की कुणी कुणाकडे बघत नसे. मालकाला जागा रिकामी हवी होती, पण तोही तिच्यासमोर टोपी काढून उभा राहायचा.

आणि मी? मी सकाळी जायचे. डबा ठेवायचा, दीर नळावर तोंड धूत असायचा, तेवढ्या वेळात मी नावेपाशी जाऊन माझा हात त्या हातात ठेवायचे. रात्रभर पत्र्याखाली राहिलेलं लाकूड, गार पडलेलं असायचं, पाण्यातून काढल्यासारखं. मला ते गारच हवं होतं. त्या गार हातापाशी मला खरं कळायचं की तो गेला, आणि तिथे उभं राहून मी घटकाभर रडून घ्यायचे. घरी रडायची बंदी, इथे कोण बघतंय. त्याच्या एवढ्याशा आठवणीवर माझा सगळा जीव होता. त्याचे कपडे आत्यानं पेटीत कुलूप लावून ठेवले होते, 'आला की घालील' म्हणून. फोटो कधी काढलाच नव्हता. माझ्या वाट्याचा तो म्हणजे तो हात, आणि तो राहायला हवा होता.

लोकरीच्या टोप्या धुवायचं कामही माझंच होतं. रिठ्याच्या पाण्यात चोळायच्या आणि नदीत खळबळून काढायच्या. आधी त्यांतून हिरवं निघायचं. मग नुसतं पिवळट, वार्निशाचं. एक दिवस मी टोपी पाण्यात धरली आणि पाणी तांबडं झालं.

मला कळेचना. मग कळलं. वार्निश संपलं होतं. आता गेरू निघत होता. तो हात टोपीत उतरत होता, आणि मी तो माझ्या हातानं धुऊन परत पवनेत सोडत होते. ज्या नदीनं त्याला नेलं तिलाच उरलेला घालत होते, थोडा थोडा. मी ती टोपी दगडावर फेकली. तांबडी रेघ पाण्यातून दापोडीकडे गेली, तो गेला त्याच बाजूला.

तशीच ओल्या पदरानं वर्कशॉपात गेले आणि दिरावर तोंड सोडलं. "भावजी, बंद करा ते मशीन! तुम्हीच सांगता ना, एका जागी धरायचं नाही म्हणून? दिसत नाही का काय चाललंय ते? करंगळी गेली सुद्धा!"

"दिसतंय," तो म्हणाला.

"मग?"

"मग तुमी सांगा आयेला. म्या न्हाई सांगणार." त्याचे डोळे भरून आले. "वैनी, आवो ती जेवायला लागलीय. श्रावणापासनं पयल्यांदा पोटभर जेवतीय."

ते खरं होतं. भांडायला आले होते आणि त्याच्याच डब्यातलं पाणी पिऊन परत गेले. आत्या जेवत होती, हसत होती, शेजारणीला सांगत होती की पावसाच्या आधी येतोय बघा. आणि तिच्या प्रत्येक घासासरशी माझा नवरा पुसला जात होता. मला तिचा द्वेष वाटायचा. वाटायचा म्हणजे वाटायचा, आता या वयात खोटं कशाला बोलू. तिला वाढताना मनात यायचं, मर एकदाची. आणि ती दोन भाकरी खाऊन उठली की मलाच बरं वाटायचं. असं दोन्ही.

तांबडी झालेली शेवटची टोपी मी धुतली नाही. सुकवली, फडक्यात गुंडाळली आणि माझ्या लुगड्यांच्या खाली ठेवून दिली. दिराला सांगितलं, ती वाहून गेली.

वळवाचे ढग यायला लागले होते तेव्हाची ती संध्याकाळ. आत्या आली, दिरानं मशीन धरलं, बराच वेळ धरलं. मी मुद्दाम जवळ उभी होते. मशीन उचललं तेव्हा तिथे काही नव्हतं. पिवळं, गुळगुळीत, सुंदर लाकूड. नीट बघितलं तर तळहाताच्या जागी जरासा लालसर रंग, तोही प्लायवूडचाच असेल. आत्यानं हात ठेवला. सवयीनं बोटं फाकली, करंगळीचं टोक मोकळं ठेवायला गेली, आणि तिला कुठे ठेवायचं ते कळेना. हात इकडे सरकवला, तिकडे सरकवला.

"ऊन हाय," ती म्हणाली. मग आणखी एकदा चाचपून, "पर कुनाचाच न्हाई."

मी इतके दिवस दातांखाली धरलेलं सुटलं. "आत्या, ते मशीनचं ऊन होतं. पहिल्या दिवसापासून मशीनचंच होतं ते."

दीर "वैनी!" म्हणून ओरडला. मला वाटलं आता आत्या माझ्या झिंज्या धरणार. ती शांतपणे नावेवरून हात काढत म्हणाली, "ठावं हाय."

"काय?"

"मला काय खुळी समजलीस व्हय गं? चूल पेटवत जलम गेला माजा. कशानं काय तापतं त्ये मला कळत न्हाई?" ती त्या चमकणाऱ्या लाकडाकडे बघत राहिली. "पर ऊन तर हुतं न्हवं. त्येच्या हाताच्या जागी हुतं. तेवढं मला पुरत हुतं." मग माझ्याकडे वळली. "तू सकाळी येऊन धरतीस, त्ये बी ठावं हाय. गार लागत आसंल."

मी मान हलवली.

"तू गार धरलास म्हनून तुला आदी कळलं," आत्या म्हणाली. "मला आज कळलं. सांग भाऊकीला, पुतळा करा म्हनावं."

घरी येताना नदीत पाणी चढायला लागलं होतं. दगडावर तिचा पाय घसरला आणि तिनं माझं मनगट धरलं, ते पल्याड पोचेपर्यंत सोडलं नाही. त्या रात्री मी तिच्यासमोर रडले. ती नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली, न थांबता, एका जागी कुठेही न टेकता.

पळसाची पानं दिरानं आणली. पुतळा बांधायला बसले तेव्हा म्हातारे म्हणाले, त्याच्या अंगाचं काहीतरी घाला यात, नख, केस, काहीही. अंगाचं कुठून आणणार? आत्या उठली, माझ्या खोलीत गेली, माझी लुगडी उचलली आणि फडक्यातली ती टोपी घेऊन बाहेर आली. मला न विचारता. तिला तेही ठाऊक होतं. तिनं ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तूच घाल. गेरू तू कालवला हुतास." मी ती तांबडी टोपी पानांच्या आत, छातीच्या जागी ठेवली.

बायकांनी मसणात जायचं नसतं. कुणीतरी तसं म्हणालंसुद्धा. आत्या म्हणाली, "बायांनी नावंला हात लावायचा नसतो, आसं बी म्याच म्हनत हुते. चल गं." आणि मला हाताला धरून नदीकाठी घेऊन गेली.

दिरानं अग्नी दिला. पळसाची पानं ओलसर होती, आधी नुसती धुमसली. मग आत टोपीपर्यंत आग पोचली. तिच्यात मी घोटलेलं मेण मुरलेलं होतं. ती एकदम भडकली, उजेड आमच्या तोंडांवर आला. मी दोन्ही तळहात पुढे केले.

त्याचा हात मला ऊन लागला तो तेवढा एकदाच.